दूध झोपलं

घरात आली की मावशी आधी लेकराकडे बघायचीच नाही. लेकराच्या आईच्या पदराचं टोक हातात घ्यायची, नाकाला लावायची आणि म्हणायची, "यातच झोपतेस नं? उतरव अन् मले दे."

आमच्या पुनर्वसनाच्या गावात तिला सगळ्या बाया मावशीच म्हणत. जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं, तेव्हा आमच्याबरोबर तीही इथे आली. मोलमजुरी करायची, धानाच्या रोवणीला जायची. पण तिची खरी ओळख वेगळी होती. ज्या लेकराचं रात्रीचं अंगावरचं पिणं सुटत नसे, त्याच्या घरी तिला बोलावणं जायचं.

मी एसटीत कंडक्टर. पहिल्या गाडीची ड्युटी, आणि पोरगी दीड वर्षाची झाली तरी रात्रभर तोंडातून सोडत नव्हती. दिवसा पिऊ दे बिचारी, माझी ना नव्हती. पण रात्र म्हणजे नुसता छळ. एकदा तर धावत्या गाडीत उभ्याउभ्या डोळा लागला आणि मी दारातल्या दांड्यावर आदळले. आता सांगा, दारच उघडं असतं तर?

सासूबाई म्हणाल्या, "लाव कडू लिंबाचा पाला वाटून." लावला. पोरीनं तोंड वाकडं केलं, फ्रॉकनं पुसून काढलं आणि प्यायली. शेवटी मावशीला बोलावलं.

"जयभीम बाई," म्हणत ती आली. तिची रीत अशी: आईची न धुतलेली साडी ती नेसायची, स्वतःचं लुगडं आईला द्यायची. आई दुसऱ्या खोलीत, मावशी लेकराजवळ. लेकरू चाचपडत आलं की दोन घोट पाणी पाजायचं, पाठीवर थोपटायचं आणि म्हणायचं, "दूध झोपलं बावा. तूबी झोप." बस, एवढंच.

पहिल्या रात्री पोरगी घर डोक्यावर घेईल म्हणून मी छाती घट्ट बांधून, कान देऊन पडले होते. ती कुरकुरली, मावशी काहीतरी पुटपुटली आणि सगळं चिडीचूप झालं. बाई गं, ती शांतताच मला सहन होईना.

मी उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. तेवढ्यात नवरा बाहेरून आला. त्यानं खोलीत डोकावून विचारलं, "अवं, झोपली का?"

"हाव. लाइट नका लावू," आतून उत्तर आलं.

आवाज माझा होता. मावशीचा आवाज घोगरा, तंबाखूनं खरवडलेला. हा तो नव्हताच. मी नवऱ्याच्या पाठीमागे तांब्या धरून उभी. त्यानं वळून मला पाहिलं आणि त्याचा चेहरा असा पांढरा पडला की मीच घाबरले. दोघांनी मिळून आत पाहिलं. माझी साडी, माझी कुशीवर झोपायची तऱ्हा, तसाच उशाखाली घातलेला हात. कुशीत माझी पोरगी.

सकाळी मावशी पुन्हा मावशीच होती. चहात पोळी बुडवून खाणारी, पोरीला "काहून व भवाने, लय झोपलीस?" म्हणून चिडवणारी. मी सहज विचारलं, "मावशी, तुमाले किती लेकरं?"

"एकच. तान्हाच व्हता. तो जुन्या गावातच रायला," ती म्हणाली आणि कप विसळायला उठली. जुन्या गावावर आता पाणी होतं.

आठवड्याभरात पोरगी रात्रभर झोपायला लागली. जाताना मावशीनं साडी माझ्यासमोर धरली. "हे घाल. धुऊ नको. आज यातच झोप तिच्यापाशी."

सासूबाई मध्ये पडल्या. आमच्या घरात उतारे-उपाय, गंडेदोरे काही चालत नाहीत, याचा त्यांना भारी अभिमान. त्यात हात सढळ. "असलं काई मानत नाई आमी. अन् दिलेली साडी वापस कायले घ्यायची? तुमीच नेसा."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. माझी पहिली गाडी लागायची वेळ झालेली. मीही म्हटलं, "ठेवा नं मावशी, शोभते तुमाले."

तिनं साडीची घडी केली, काखेत धरली आणि गेली.

त्यानंतर मला झोप मिळाली. पोरगी मात्र रात्रीची माझी राहिली नाही. दिवसा सारखी पायात पायात करणारी पोरगी रात्री जागी झाली, की माझ्याकडे पाठ करायची आणि पलीकडच्या रिकाम्या जागेवर थापट्या मारायची. जवळ घेतलं तर परक्या बाईनं उचलल्यासारखी ताठ व्हायची. ते दूध कधीच सुटलं होतं हो, पण पोटची पोरगी अंधारात ओळख देत नाही म्हणजे काय? मी उशीत तोंड खुपसून रडायची.

शेवटी मावशीकडे गेले. ती पाण्याच्या काठाशी बसली होती. मी साडी मागितली.

"देतो नं. पण तिले आता माया अंगाचा वास लागला," ती म्हणाली. मग माझा हात धरला. "रडू नको वं. मी हाय तवरीक मले वळखते. मंग तुयाचपाशी येईल. तुईच हाय ते."

पुढच्या हिवाळ्यात, धानाची मळणी चालू असताना, पोरगी एका रात्री उठून बसली. रिकाम्या जागेवर हात फिरवला, पुन्हा फिरवला आणि हंबरडा फोडला. मग अंधारात वळून स्पष्ट म्हणाली, "आई." आणि माझ्या गळ्यात पडली.

मी तिचे मटामटा मुके घेतले. इतका आनंद मला ती जन्मली तेव्हाही झाला नव्हता. आणि मुके घेता घेताच थांबले. मावशी गेली होती. सांगायला अजून कोणी यायचं होतं, पण मला कळलं होतं.

उजाडल्यावर पोरीला कडेवर घेऊन मावशीच्या दारी गेले. बायांनी तिला अंगणात ठेवलं होतं. मी पोरीला तिच्या पायांशी उतरवलं. म्हटलं, पाया पड.

पोरीनं तिच्याकडे पाहिलं, कधीच न पाहिलेल्या माणसाकडे पाहावं तसं. मग माझा पदर ओढत म्हणाली, "आई, घरी चाल."