न धुवायचं दुपटं

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्याजवळही नाही. दर संवत्सरीला आम्ही सगळ्यांची क्षमा मागतो — दारात भेटून, फोन करून, ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणून. माझ्या जावेला, पल्लवीला, तसं म्हणताना दर वर्षी वाटतं, आता सांगावं. मग तीही पलीकडून तेच शब्द म्हणते आणि फोन दुसऱ्याच्या हातात जातो. तेवढ्यात सगळं आलं, असं धरून चालता येतं का? मला नाही वाटत.

जुन्नरच्या बाजारपेठेत आमचं कापडाचं दुकान आहे. मागच्या पिढ्या राजस्थानातून आल्या; आता घरात मारवाडी उरलीय ती रागावण्यापुरती. धाकटा दीर नीलेश आणि पल्लवी अमेरिकेत असतात. त्यांनी कोलंबियातून एक मुलगी दत्तक घेतली, आलिसिया. तेरा महिन्यांची असताना तिला पहिल्यांदा घरी आणलं. त्याला आता नऊ वर्षं झाली.

खरं सांगते, तेव्हा मला आनंदापेक्षा कुतूहल जास्त होतं. या पोरीनं आतापर्यंत कुठले आवाज ऐकले असतील? तिला झोपवताना तिकडे काय म्हणत असतील? एवढ्याशा आयुष्यात हा तिसरा देश — मग ‘घरी आलो’ म्हणजे काय, हे तिला कशावरून कळणार?

गाडी दुकानासमोर थांबली. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. बाजाराला आलेल्या दोन-चार बायकाही बघायला थांबल्या. त्यातली एक म्हणाली, “लई ग्वाड हाय वो पोर. कुणावर गेलीय?”

सासूबाई जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, “आमच्यावर.”

ते मी ऐकलं. मला मूल नाही. लग्नाला दहा-बारा वर्षं झाल्यावर मी एकदा धीर करून दत्तकाचं बोलले होते. तेव्हा ह्याच सासूबाई म्हणाल्या होत्या, “परकं रक्त या घरात नको.” पुन्हा तो विषय निघाला नाही. — हे मी कारण म्हणून सांगत नाहीये. तेव्हा मनात काय होतं, तेवढंच सांगतेय.

आलिसिया कुणाकडे जायची नाही. मी घेतलं की काठीसारखी ताठ व्हायची. रडायची नाही, नुसती ताठ. एका दुपट्याखेरीज तिला काही लागत नव्हतं. तिकडे तिला जन्मापासून एका बाईनं सांभाळलं होतं. निघताना त्या बाईनं ते बरोबर दिलेलं. पल्लवी ते प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवायची आणि झोपवताना तेवढं काढायची. पहिल्याच दिवशी तिनं मला बजावलं, “भाभी, हे धुवायचं नाही हं. त्या बाईंचा वास आहे याला. आलिसियाजवळ तेवढाच राहिलाय.”

मला कापड कळतं. जाडंभरडं सुती, कडेला हातानं घातलेला टाका, शंभरदा धुतलेलं. पण वास? दुसऱ्या दिवशी दुपारी कुणी नाही असं बघून मी ते नाकाला लावलं. चुलीचा धूर, आंबूस दूध, आणि आणखी काहीतरी — कुठलंसं तेल, की झाडपाला? मला ओळखता येईना. एवढ्याशा फडक्यात अख्खी बाई कशी मावते, याचं मला नवल वाटत राहिलं. आणि ती बाई मला आवडेनाशी झाली.

सासूबाईंचा ओझरच्या गणपतीला नवस होता. सगळे दर्शनाला गेले. गर्दीत लेकरू नको म्हणून आलिसियाला माझ्याजवळ ठेवलं. तिची झोपायची वेळ झाली. दुपटं समोर होतं.

ते मी उचललं आणि माझ्या कपाटात, साड्यांखाली ठेवलं.

का? तेव्हा स्वतःला म्हणाले, बघू तरी — हे नसलं तर ती माझ्याकडे येते का. नुसतं बघायचं होतं. तिनं आधी गादी चाचपली. मग उशी ढकलून खाली पाहिलं. मग दाराकडे बघत बसली, बराच वेळ. कुणीतरी ते घेऊन येईल, अशी. त्यानंतर जी रडायला लागली ती तासभर. मी तिला खांद्यावर घेऊन फिरत होते. कपाट चार पावलांवर होतं.

शेवटी ती थकली. माझ्या खांद्यावर डोकं टाकलं आणि झोपली. आणि मला — सांगू का — मला सुख झालं. तसलं सुख मला आधी कधी झालं नव्हतं.

ते परत आले तेव्हा ती तशीच माझ्या खांद्यावर होती. पल्लवीचे डोळे भरून आले. “भाभी, ती तुमच्याकडे झोपली.” सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. तेव्हाच दुपटं काढून दिलं असतं तर? नाही दिलं.

संध्याकाळी शोधाशोध झाली. मीही शोधलं, पलंगाखाली वाकून. धुण्याभांड्याला येणाऱ्या शांताला विचारलं. ती मूळची डिंभ्याची, आमच्याकडे सहा वर्षं होती. ती म्हणाली, “न्हाई वो ताई, म्या न्हाई पाह्यलं.” सासूबाईंनी तिची पिशवी उलटी करून बघितली. शांतानं माझ्याकडे पाहिलं. मी पलंगाखाली बघत राहिले.

आलिसियानं खाणं सोडलं. दुसऱ्या दिवशी ताप चढला. डॉक्टर म्हणाले, हवापाणी बदललंय, होईल बरी. तिसऱ्या दिवशी ती रडायचीही थांबली. भिंतीकडे तोंड करून पडायची. पल्लवी तिच्याशेजारी बसून, त्या बाईकडून शिकलेलं चार शब्दांचं गाणं पुन्हा पुन्हा म्हणायची.

मग मी घाबरले. दुपटं द्यायचं होतं, पण इतके दिवस होतं कुठे म्हणून सांगायचं? चौथ्या दिवशी सकाळी, शांता यायच्या आत, मी ते साबणाच्या पाण्यात बुडवलं. चोळलं. दोनदा पिळलं. गच्चीच्या कोपऱ्यात कडक उन्हात वाळवलं. आणि वाळलेल्या कपड्यांच्या ढिगात, चादरींच्या मध्ये घालून ठेवलं — दुपारी सापडावं म्हणून. सापडलं. सगळे समजले, शांतानं न बघता धुतलं आणि आता कबूल करत नाहीये.

पल्लवीनं ते धावत नेऊन आलिसियाच्या हातात दिलं. तिनं घेतलं. तोंडाला लावलं. एकदा, मग दुसऱ्या बाजूनं आणखी एकदा. आणि आईला परत दिलं. फेकलं नाही, परत दिलं — आपलं नाही ते देतात तसं. त्यानंतर तिनं त्याला हात लावला नाही. हळूहळू खायला लागली. बरी झाली. महिना संपल्यावर सासूबाईंनी शांताला यायचं बंद करायला सांगितलं.

आलिसिया आता दहा वर्षांची आहे. मला बडी मम्मी म्हणते, आली की माझ्याजवळ झोपते. या सुट्टीत दुकानात गाद्यांवर बसून तिनं विचारलं, “माझं ब्लँकेट चुकून धुतलं ना, त्या आंटी कुठे राहतात?”

मी म्हटलं, “का गं?”

“आई म्हणते त्यांना खूप बोलले होते सगळे. मला त्यांना सांगायचंय की मी रागावले नाहीये.”

मी घडी घालत होते ते कापड पुन्हा उलगडलं आणि पुन्हा घडी घातली. म्हटलं, “माहीत नाही बेटा. खूप वर्षं झाली.”

डिंभ्यात धरणाच्या खालच्या अंगाला, भावाच्या घराला लागून शांताची खोली आहे. गेल्या वर्षी त्या गावच्या लग्नाला गेले होते, तेव्हा ती दारात मासे निवडत बसली होती. तिनं मला ओळखलं. मीही तिला ओळखलं, आणि गाडीची काच वर केली.