शेतातल्या खोलीचं सोलर

सोलरच्या बॅटरीत पाणी घालताना तो आंबट, घशाला झोंबणारा वास आला की मला रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरातली एक दुपार आठवते. नव्या रायपूरच्या पार पलीकडे, जंगलाला लागून आमच्या शेतात एक खोली होती आणि तिथं विजेची लाईन पोहोचली नव्हती. हे रिटायर होऊन तिथं राहायचं म्हणत होते, म्हणून नागपूरकडच्या एका सोलरवाल्याला बोलावलं होतं. खोलीत काय काय चालवणार ते सांगा, त्यावर पॅनल आणि बॅटरी ठरते, असं तो म्हणाला. "एक बल्ब, एक पंखा, मोबाईल," यांनी सांगितलं. "अन् वहिनीचा मिक्सर?" त्यानं हसून विचारलं. "ती कुठं येते? इथंच राहील पोट्ट्यांपाशी. मी एकटाच चाललो." मी चहा घेऊन दारातच उभी होते. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. परक्या माणसाशी मी कधी बोलत नसे, तरी तोंडातून निघून गेलं, "दोन पंखे धरा, भाऊ." हे नाही म्हणाले नाहीत. आता आम्ही दोघंही त्याच खोलीत राहतो. तेव्हा एकच पंखा काहून सांगितला होता, हे विचारायची हिंमत मात्र मला अजून झाली नाही.