पखवाजावरची ओली कणीक

इथले भुताखेतांचे अनुभव मी गेली चार-पाच वर्षं वाचतोय. खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसत वाचतो. पांढरी साडी, उलटे पाय, विहिरीतून येणारा आवाज... जेवताना बायकोला मोठ्याने वाचून दाखवतो आणि ती म्हणते, "जेवा गुमान." माझा धंदा साउंड सिस्टीमचा. बिदर आणि आसपासच्या लग्नांना डीजेचे बॉक्स, मिक्सर, लाइट भाड्याने देतो. स्मशानाला लागून असलेल्या फंक्शन हॉलात एकट्याने वायरी गुंडाळल्या आहेत, कधी कुणी हाक मारली नाही. नको तिथे आवाज आला तर तो कुठून आला हे शोधणं हेच माझं काम, आणि दरवेळी कारण सापडतं — लूज पिन, अर्थिंग, नाहीतर उंदीर. त्यामुळे हे लिहिताना मलाच ओशाळल्यासारखं होतंय. यात घाबरण्यासारखं काही नाही, आधीच सांगतो. भीतीसाठी आला असाल तर पुढची पोस्ट बघा.

नौबादला, म्हणजे बिदर शहराच्या त्या टोकाला, आमचा एक हॉल होता. आमचे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, मूळ औराद तालुक्यातले. त्यांनी ती जागा घेतली तेव्हा भोवती तुरीची शेतं होती. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, आणि आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींना जुन्या गोधड्या टांगलेल्या. लोक हसायचे. पण मी आता या धंद्यात पंचवीस वर्षं काढल्यावर सांगतो, इतका स्वच्छ आवाज मी एकाही एसी हॉलात ऐकलेला नाही.

तिथे दर शनिवारी दुपारी चारला सभा भरायची. चारच का, तर औराद, मन्नाएखेळ्ळीकडच्या मंडळींना संध्याकाळच्या बसने घरी जाता यावं. तिकीट नाही, माईक नाही. कुणी मराठी अभंग म्हणायचं, कुणी कन्नड वचनं, आणि एक म्हातारे टेलर होते ते दखनी उर्दूत असं काही गायचे की अप्पा डोळे पुसायचे. भाषा कुठलीही असो, ठेका धरणारा माणूस एकच — मल्लप्पाकाका.

काका मन्नाएखेळ्ळीचे. आजोबा मेंढरं वळायचे, काका शेती करायचे. घरी कन्नड, आमच्याशी मराठी. मला 'तम्मा' म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ, वयाने मी त्यांच्या मुलासारखा असून. पखवाज हॉलातच राहायचा आणि हॉलाच्या दोन किल्ल्यांपैकी एक त्यांच्याकडे असायची. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो — पखवाजाच्या डाव्या तोंडावर दरवेळी वाजवायच्या आधी भिजवलेली कणीक थापतात, त्याशिवाय त्याला तो भरलेला खोल आवाज येत नाही. वाजवून झालं की खरवडून काढायची. काका पीठ घरून पुडीत आणायचे. आमच्याकडून फक्त पाणी घ्यायचे. कणीक थापली की मधोमध अंगठ्याने खळगी करायची आणि तिच्यात दोन थेंब पाणी सोडायचं, ही त्यांची स्वतःची तऱ्हा. दुसऱ्या कुठल्या पखवाजवाल्याला असं करताना मी पाहिलं नाही. आणि त्यांचा एक नेम होता. कणीक लावली की वाजवायचंच, मग ऐकायला कुणी असो वा नसो. वाजवून उतरवलेली कणीक ते बाहेरच्या गाईला घालायचे.

लहानपणी दोन वर्षं मी त्यांच्याकडे शिकलो. मग मला ॲम्प्लिफायरचं वेड लागलं.

बाकी सगळ्या गावांत झालं तेच बिदरातही झालं. रिंग रोड आला, तुरीच्या जागी फ्लॅट आले. आणखी दोन ठिकाणी अशा बैठका व्हायच्या. एका देवळाच्या मंडपात आता मोटरवर चालणारा नगारा आणि घंटा आहे, बटण दाबलं की आरती. दुसरीकडे कोचिंग क्लास. आमचा हॉल तेवढा उरला होता. अप्पा गेले आणि मी त्याच्या एका कोपऱ्यात माझे बॉक्स ठेवायला लागलो. कोपऱ्याचे दोन झाले, मग अर्धा हॉल. टेलरचाचा वारले, औरादची मंडळी थकली. शेजारच्या फ्लॅटवाल्यांनी तर शनिवारच्या 'आवाजाचा त्रास होतो' म्हणून लेखी तक्रार दिली. त्याच मंडळींच्या घरच्या लग्नात माझे आठ बॉक्स लागले होते आणि सगळे माझ्याच गाण्यांवर नाचले, पण ते असो. मीही काही साधूसंत नाही, भाडं मलाच मिळालं होतं.

शेवटची दोन वर्षं काका एकटेच यायचे. बसने यायचे, तासभर वाजवायचे, गाईला कणीक घालून परत. मी कधी थांबलो नाही. मला नेहमी कुठेतरी सेटअप असायचा.

एप्रिलमधली गोष्ट. टाइल्सचा धंदा करणारे रफिकभाई शोरूमसाठी हॉल मागत होते आणि मी जवळजवळ 'हो' म्हटलं होतं. काकांना सांगायचं धैर्य होत नव्हतं. त्या शनिवारी मी माझी माणसं घेऊन बॉक्स काढायला गेलो, संध्याकाळी एक मोठं रिसेप्शन होतं. काका बॉक्सांच्या मधल्या फटीत चटई टाकून बसले होते. पुढ्यात पखवाज, कणीक लावून झालेली.

"काका, आज नको," मी म्हणालो. "गाडी उभी आहे. पुढच्या शनिवारी निवांत वाजवा."

"थोडंच वाजवतो की रे तम्मा. कणीक लावलोय."

"अहो, बॉक्स तुमच्या अंगावरून काढू का आता? उठा बरं!"

माझा आवाज चढला होता. माझी माणसं बघत होती. काकांनी पखवाज मांडीवर आडवा घेतला आणि नखाने कणीक खरवडायला लागले, सावकाश, सगळी निघेपर्यंत. मी घड्याळ बघत उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी न वाजवता कणीक उतरवली होती, आणि हे मला माहीत होतं. माहीत असून मी म्हणालो, "चला, लवकर."

रात्री बायकोला सांगितलं तर ती ताट बाजूला सारून म्हणाली, "आवो, कामून असं केलाव? म्हातारं माणूस एवढ्या उन्हात बसनं येतंय. अर्ध्या तासानं तुमचं काय बिघडत होतं?"

काहीच बिघडत नव्हतं. रिसेप्शन दीड तास उशिरा सुरू झालं.

बुधवारी काका गेले. झोपेतच.

मातीला मी मन्नाएखेळ्ळीला गेलो. त्यांची मुलगी, शरणम्मा, मला बाजूला घेऊन हॉलाची किल्ली देत म्हणाली, "अण्णा, ही तुमची. उशाला ठेवायचे." मग थांबून म्हणाली, "शनवारी आमचे अप्पा वाजवले का हो तिथं? घरला आले ते काहीच बोलले न्हाईत."

मी म्हणालो, "वाजवले की. मस्त वाजवले."

तिच्या तोंडाकडे बघवलं नाही. पण बोललो ते बोललो.

त्यानंतरच्या शनिवारी रफिकभाई जागेचं माप घ्यायला येणार होते. वेळ त्यांनीच ठरवली, दुपारी चार. मला काही खटकलंसुद्धा नाही. बायको गुरुवारपासून माहेरी, उदगीरला. हॉलाच्या दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात. बुधवारीच बॉक्स दुसऱ्या गोडाऊनला हलवले होते, तेव्हापासून दार उघडलेलं नव्हतं. कुलूप मी रफिकभाईंसमोर काढलं. बाहेर असं ऊन की मोटारसायकलच्या सीटवर हात ठेववत नव्हता, आणि आत, पत्र्याखाली, त्याहून जास्त. त्यांनी टेप काढली. मी पखवाज उचलून गाडीत ठेवावा म्हणून कोपऱ्यात गेलो.

बुधवारी ठेवला होता त्या कोपऱ्यात पखवाज नव्हता. हॉलाच्या मधोमध चटईवर होता. डाव्या तोंडावर कणीक.

पहिला विचार आला की उरलेली असेल, वाळलेली. पण ती मी डोळ्यांदेखत नखाने उतरवताना पाहिली होती. मी वाकलो. कणीक पांढरी, मऊ, चकाकत होती. मधोमध अंगठ्याची खळगी आणि खळगीत पाणी. दोन थेंब.

तुम्ही एप्रिलमध्ये आमच्याकडे आला असाल तर तुम्हाला कळेल मी काय म्हणतोय. त्या पत्र्याखाली ओला टॉवेल पंधरा मिनिटांत कडक होतो. दोन थेंब पाणी तिथे दोन मिनिटंही टिकलं नसतं. ते पाणी हलत होतं.

 रफिकभाई जवळ आले, बोट लावून पाहिलं, बोटाला कणीक लागली.

"गीला है जी ये," ते म्हणाले. "कौन आया था क्या इधर?"

मी नाही म्हणून मान हलवली. मागचं दार आतून कडीबंद, खिडक्यांना जाळ्या. मी धंद्याच्या सवयीने सगळं पाहिलं — पत्र्यात भोक, नळ, पिठाचा कण, पावलं. फरशीवर तीन दिवसांची धूळ होती आणि तिच्यावर फक्त आमच्या दोघांची पावलं. मग मला रडू आलं. घाबरलो नव्हतो. खूप लाज वाटत होती. मी खाली बसलो आणि रफिकभाईंना त्या शनिवारचं सगळं सांगून टाकलं. हा माणूस जागा घ्यायला आलेला, त्याचा काय संबंध, पण सांगितलं.

त्यांनी टेप गुंडाळून खिशात ठेवली. चपला दाराबाहेर काढून आले आणि भिंतीला टेकून मांडी घालून बसले.

"बजाव तुम," म्हणाले. "मैं बैठतूं."

"मला येत नाही हो आता."

"जितना आता उतना बजाव."

मी पखवाज मांडीवर घेतला. तीस वर्षांनी. लहानपणी शिकलेला भजनाचा साधा ठेका तेवढा आठवत होता, तोही अडखळत. उजवा हात जमेना, बोटं जड. पण डावा हात पडला की आवाज असा यायचा... माझा नव्हता तो, एवढंच सांगतो. मी वाईट वाजवत होतो आणि डावीकडून तो खोल, भरलेला आवाज बरोबर जागेवर येत होता. गोधड्या अजून भिंतीवर होत्या. किती वेळ वाजवलं माहीत नाही. थांबलो तेव्हा खळगीतलं पाणी आटलं होतं आणि कणकेला कडेने भेगा पडल्या होत्या, कुठल्याही कणकेला पडतात तशा. मी ती उतरवली आणि बाहेर गाय शोधत फिरलो. त्या कॉलनीत आता गायी नाहीत. दोन गल्ल्या पलीकडे एक सापडली.

जाताना रफिकभाई म्हणाले, "सोचो तुम. मैं दूसरी जगा बी देख लेतूं."

इथे तुम्हाला वाटेल की मी हॉल ठेवला. नाही. पुढचे सहा शनिवार मी चारला तिथे जाऊन बसलो. जुन्या मंडळींना फोन केले. औरादचे एक आजोबा म्हणाले, "आता गुडघे न्हाईत रे बाबा." दोघांचे नंबर बंद होते. तरुण पोरांपैकी एकाने विचारलं, मागे लावायला रेकॉर्डेड ट्रॅक असेल का? एकट्या ओल्या कणकेवर सभा चालत नाही. सातव्या आठवड्यात मी सही केली. आता तिथे शोरूम आहे, लाइट चांगले आहेत. गोधड्या मी काढून आणल्या.

सही केल्यावर मन्नाएखेळ्ळीला गेलो. शरणम्माला खरं सांगितलं, की काकांनी वाजवलं नव्हतं, मी त्यांना उठवलं होतं. ती भाकरी थापत होती, थांबली नाही.

"ठाऊक हाय मला," म्हणाली. "उतरवलेली कणीक पुडीत बांधून घरी आणले होते. गाईला घाला म्हणलं तर म्हणले, वाजवलेली न्हाई, कशी घालू. दिवळीत ठेवले."

"मग तेव्हा मला का विचारलंस?"

"तुम्ही काय सांगायलाव बघावं म्हणलं."

 ती पुडी नंतर तिला दिसली नाही म्हणे. घर झाडलं, पाहुणे आले-गेले, कुणी टाकली असेल. मी विचारलं, काका माझ्यावर रागावले होते का?

"न्हाई हो अण्णा. मीच रागावले होते, आता जाऊ नका म्हणले. तर म्हणले, असं कसं? तम्मा पुढच्या शनवारी ये म्हणलाय. जावं लागतंय."

मी ते नुसतं त्यांना उठवायला बोललो होतो. पुढच्या शनिवारी मी हॉल देऊन टाकणार होतो.

कणीक कुणी लावली, पाणी कसं टिकलं, धुळीत पावलं का नव्हती, यातलं एकही मला आजतागायत उलगडलेलं नाही. रफिकभाईंनाही नाही. आम्ही दोघं भेटलो की तो विषय काढत नाही. पखवाज आता माझ्या घरी आहे, बैठकीच्या खोलीत. दर शनिवारी चार वाजता मी त्याच्या डाव्या तोंडावर हात ठेवून बघतो. कोरडं असतं.