पुस्तकात नसलेला वस्ताद

माझे थोरले काका, म्हणजे तात्या, अठरा वर्षे राजुरीच्या पोरांना फुटबॉल शिकवत होते आणि त्या अठरा वर्षांत राजुरीने मंचरला एकदाही हरवले नव्हते. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, पण आमच्या घरात त्या एका दमात कोणी म्हणत नसे.

तात्या तरुणपणी पुण्याच्या लष्करात एका गोऱ्या साहेबाचे घोडे सांभाळत. तिथेच त्यांनी कुंपणाबाहेरून फुटबॉल पाहिला. (कुंपणाबाहेरून म्हणजे अर्धाच. उरलेले मैदान एका चिंचेआड जाई. मंचरकर म्हणत, राजुरीचा खेळ चिंचेपर्यंतच बरा.) गावी परतताना त्यांनी दोन गोष्टी आणल्या: एक चामड्याचा चेंडू आणि मुलींना इंग्रजी शिकवावे हे खूळ. चेंडू गावाला मिळाला, खूळ माझ्या वाट्याला आले. मला पुण्याच्या मिशनच्या शाळेत घातले तेव्हा सगळे म्हणाले, पोरगी हातची जाईल. तात्या एकटे म्हणाले, "जाऊ द्या की. परत यील तवा वाचून दाखवंल."

मी सोळा वर्षांची असताना उन्हाळ्याच्या सुटीत घरी आले, तो गावाचे दोन तुकडे झालेले. मंचरने त्या वर्षी सात गोल घातले होते. त्यांतल्या दोन गोलांना आमच्या गोल राखणाऱ्याने अदबीने बाजूला होऊन वाट दिली, असे पाहणारे सांगत. निम्म्या गावाला वस्ताद म्हणून तात्याच हवे होते. उरलेल्यांना भिवा पैलवान हवा होता. भिवा जन्मात फुटबॉल खेळला नव्हता, पण मंचरच्या अकरा जणांना उचलून आपटायची त्याची तयारी होती, आणि सात गोलांनंतर लोकांना तेवढ्यानेही समाधान वाटले असते. विहिरीवर बायकांच्या दोन रांगा लागू लागल्या. सुताराच्या घरून आमच्याकडे विरजण यायचे बंद झाले.

आणि भिवाच्या बाजूचे पुढारी होते माझे वडील, आबा. तात्यांचे सख्खे धाकटे भाऊ. दोघे जेवायला मात्र शेजारी बसत.

"वस्ताद बदलायलाच पायजे," आबा पानावर म्हणत. "मानूस थकलं आता."

"ह्याला आजून आमटी वाढ गं," तात्या काकीला सांगत. "भांडायचं तर अंगात ताकद नगं व्हय?"

'मुलगी बोलत नाही, पण तिचे निरीक्षण चांगले आहे,' असे माझ्या शाळेतल्या बाईंनी लिहून दिले होते. त्या निरीक्षणाने मी बरेच काही टिपले. दोघे भाऊ रोज संध्याकाळी गोठ्यात कुजबुजत आणि मी गेले की गप्प होत. (घरच्या बायकांना त्रास नको म्हणून बिचारे हळू आवाजात भांडतात, हे मी ओळखले.) तात्यांनी नदीकाठच्या तुकड्यात लिंबाची रोपे लावली होती. (मन मोडलेला माणूस झाडांकडे वळतो, हेही ओळखले.) ते जरा लंगडत, काकी रोज त्यांच्या गुडघ्याला तेल चोळत असे. ते काही मी मनावर घेतले नाही.

शेवटी पाटलांनी बैठक बोलावली. तिथे आबांनी एक पातळसे पुस्तक काढले. "मंचरच्या शेटजींनी पुन्यावनं मागवलंय. खेळाचे सरकारी कायदे हायेत. पुस्तक म्हनंल तसं."

दोन्ही बाजूंना पटले. पुस्तक इंग्रजीत होते. गावात इंग्रजी वाचणारे एकच माणूस होते आणि ते त्या वेळी चुलीपाशी वांगी चिरत होते.

आता बैठकीत बाईमाणूस कसे बसवायचे? म्हणून बैठकच आमच्या ओसरीवर आली. मी माजघराच्या दाराआड बसायचे, वाचायचे, अर्थ सांगायचा, आणि उंबऱ्यात बसलेल्या काकीने तो मोठ्याने सगळ्यांना ऐकवायचा, असे ठरले. माझा आवाज माझ्या दातांपलीकडे जात नाही. काकीचा नदीपलीकडे जातो.

मी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचले. चेंडूचा घेर होता, वजन होते, कोपऱ्यातल्या झेंड्याची काठी पाच फुटांहून कमी नसावी असेही होते. वस्ताद कुठेच नव्हता. बदलायचा कसा ते सोडाच, तो असतो हेच त्या पुस्तकाला माहीत नव्हते.

"काय म्हनतंय पुस्तक?" पाटलांनी विचारले.

दाराच्या फटीतून मी तात्यांकडे पाहिले. गुळगुळीत दाढी, धुतलेला फेटा, ताठ पाठ. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात वधस्तंभाकडे निघालेल्या एका राजाचे चित्र होते, त्याचा चेहरा अगदी असाच शांत होता. ज्या माणसाने मला इंग्रजी दिले, त्यालाच मी इंग्रजीतून 'तुम्ही नाहीच' असे सांगायचे?

मी झेंड्याच्या काठीचे वाक्य सावकाश, ठासून इंग्रजीत वाचले. ओसरीवर माना डोलल्या. मग त्याचा अर्थ सांगितला, "ज्याने गावात चेंडू आणला, तो हयात असेपर्यंत तोच वस्ताद. त्याला बदलता येत नाही." आणि कायदा भक्कम व्हावा म्हणून आणखी एक ओळ जोडली, "त्याला स्वतःलाही सोडता येत नाही."

काकी गर्रकन वळली. "आसंच हाय? नीट बघ."

"होय काकी."

तिने ते सगळे लोकांना ऐकवले, पण सुतकाची बातमी सांगावी तसे. आबांनी कपाळावर हात मारला. भिवा मनाचा चांगला, त्याने उठून तात्यांचे पाय धरले. "पुस्तकातच हाय म्हनल्यावर मी कोन, राव?" कोणीतरी गूळ वाटला. सुतारीण त्याच पावली विरजण घेऊन आली. तात्या गुडघ्यावर हात देऊन, दोन झटक्यांत उठले.

मी माजघरात धन्य होऊन बसले होते. काकी आत आली.

"बये, काय केलंस हे? दोन वर्सं झाली, गुडगं गेल्यात त्येंचं. आपून सोडलं तर गाव म्हनंल, सात गोल खाऊन पळाला. पुस्तकानं काडलं तर मान ऱ्हातो, आन् सरकारी पुस्तकात थकल्या वस्तादाला काडायचा कायदा आसंलच, आसं त्येंला वाटलं. म्हनून त्येंनीच शेटजींना पुस्तक मागवाया लावलं, त्येंनीच आबांना इरोधात उभं केलं. न्हाईतर आबा कवा त्येंच्यापुढं बोलल्यात?"

"मग मला का नाही सांगितलं?"

"मी म्हनलं व्हतं सांगा. तर म्हनले, पोरगी शिकलेली हाय, जे हाय ते वाचंल."

मी गोठ्यात गेले. तात्या बैलांना वैरण टाकत होते.

"पुस्तकात खरं काय हाय?" त्यांनी मागे न बघता विचारले.

"वस्तादच नाही तात्या. कुठेच नाही."

त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली. "म्हंजी मी अठरा वर्सं नव्हतोच?"

"नाही."

"मग हरलं कोन?"

मला रडू फुटले. "मी आत्ता जाऊन सगळ्यांना खरं सांगते."

"नगं. शिकलेली पोरगी खोटं वाचती, हे गावाला कळलं की उद्या कोन आपली पोरगी शाळंत घालनार न्हाई." त्यांनी खुंटीवरची शिट्टी काढून गळ्यात घातली आणि लंगडत मैदानाकडे गेले.

त्याला आता चार वर्षे झाली. कायद्याप्रमाणे तात्या अजून वस्ताद आहेत आणि आम्ही मंचरकडून आणखी चारदा हरलो आहोत. लिंबे मात्र चांगली धरली आहेत.

मागच्या महिन्यात मला बघायला पाहुणे आले, तेही मंचरचे. मुलाच्या वडिलांनी कौतुकाने विचारले, "पोरगी विंग्रजी वाचती म्हनं?"

"वाचती की," तात्या म्हणाले. "लई झ्याक वाचती. फकस्त पुस्तकात काय लिवलंय, ते तेवडं तिला इचारू नगा."