शिंकेचा मान

ज्या जिवाला तोंड आहे त्याला ढुंगणही असलंच पाहिजे, एवढं मला चौथीपर्यंत शिकूनही कळतं. नातीने मातीचा प्राणी करून माझ्यापुढे ठेवला तेव्हा मी पहिलं तेच विचारलं, "हा हगतो कुठून?"

ती दहा वर्षांची आहे. दुसऱ्या ग्रहावर राहणारी एक जात स्वतःच्या डोक्यातून काढा, असं शाळेने सांगितलं होतं. ती जात काय खाते, पोरं कशी होतात, रीतीभाती काय, सगळं ठरवायचं. मातीच्या मूर्ती करायच्या आणि मग हॉलमध्ये आईबापांसमोर उभं राहून सांगायचं. मुलगा आणि सून ऑफिसातून संध्याकाळी येतात. इथे आखातात, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या घरात दुपारी आम्ही दोघीच. तेव्हा त्या प्राण्यांचं पोटपाणी माझ्याच पुढ्यात ठरलं.

"शी, आजी. दे डोन्ट डू दॅट."

"खातात ना?"

"सॉल्ट खातात. ओन्ली सॉल्ट."

"मग कुठून तरी बाहेर पडणारच. नाहीतर फुगून मरतील."

ती विचारात पडली. दुसऱ्या दिवशी तिने ठरवलं की ते वर्षातून एकदाच मिठाची लादी टाकतात आणि त्या लाद्यांनी घरं बांधतात. मी म्हटलं, आम्ही शेणाने सारवायचो, म्हणजे फार लांबचे नाहीत हे. ती खूश झाली.

तिने त्यांना एक इंग्रजी नाव ठेवलं होतं. ते माझ्या तोंडात बसेना, म्हणून मी त्यांना 'तिकडची' म्हणायचे. तिकडच्यांच्या पोराचं डोकं तिने भोपळ्याएवढं केलं, तेव्हा मी विचारलं, "हे बाहेर कसं यायचं?" आणि गाय कशी विते, बाई कशी विते, ते तिला सांगितलं. सुनेला आवडलं नसतं, पण मला आडपडदा जमत नाही. त्यावरून नातीने ठरवलं की जन्मताना त्यांचं डोकं मळलेल्या कणकेसारखं मऊ असतं आणि मग उन्हात घट्ट होतं. जन्मताना सहा पाय असतात. वयात आलं की एक जोडी गळते, पोरं झाली की आणखी एक. म्हाताऱ्यांना दोनच उरतात. श्वास टाचेतून घेतात. भेटले की टाचेला टाच लावतात, आणि आई पोराला टाचेच्या वासावरून ओळखते. हे टाचेचं तिचं एकटीचं होतं. मला ते फार पटलं.

गावातल्या बाया म्हणायच्या, तुझ्या तोंडाला झाकण नाही. त्याचा मला गर्वच होता.

आता दुसरी गोष्ट सांगते, ती मी कोणाला सांगितली नव्हती. शेवटच्या बाळंतपणानंतर माझं अंग बाहेर यायला लागलं. ओली बाळंतीण असताना गवताचे भारे वाहिले, ते निमित्त असेल. आमच्याकडे अशा बऱ्याच होत्या. हाताने आत ढकलायचं आणि कामाला लागायचं. म्हातारपणी शिंकलं, खोकलं, हसलं की लघवी सुटायला लागली. इथे येऊन एसीने शिंका वाढल्या. जुन्या लुगड्याच्या पट्ट्या घ्यायच्या, बाथरूममध्ये धुवायच्या आणि वॉशिंग मशीनच्या मागे वाळत घालायच्या, असं माझं चाललं होतं. मुलाला, सुनेला कळलं की डॉक्टर आला. डॉक्टरसमोर पाय फाकून निजायचं, आणि मग ते मुलाच्या कानावर जायचं, की तुझ्या आईचं असं असं आहे. त्यापेक्षा तसंच मेलेलं बरं, असं मी ठरवलं होतं.

पण नात माझ्याच खोलीत निजते. तिला सगळं दिसतं, आणि दिसलं की ती विचारते.

"आजी, शिंकताना तू पाय क्रॉस का करतेस?"

"शिंकेचा मान असतो. शिंक आली की उभं राहायचं, पाय जुळवायचे, मान खाली घालायची."

"व्हाय?"

"आमच्यात तशी रीत आहे."

तिने ते घेतलं. इथे वाढलेल्या पोराला आमचं सगळंच विचित्र, त्यामुळे रीत म्हटलं की ते पुढे विचारत नाही. मला ती युक्ती सापडली. मॉलला जायच्या आधी मी पाणी का पीत नाही? निघताना पाणी प्यायलं की काम फिसकटतं. सोफ्यावर का बसत नाही? थोरांनी गादीवर बसू नये. सगळे अबुधाबीला निघाले आणि मी गाडीत इतका वेळ कशी काढणार, वाटेत थांबा कुठे म्हणणार, या धास्तीने घरी राहिले, तेव्हा म्हटलं, "समुद्र ओलांडून आलेल्या बाईने वर वाळवंट ओलांडायचं नाही. माझा नेम आहे."

मुलगा हसला. "आई, वाळवंट कुठलं? हायवे आहे. एसी गाडी आहे."

"नेम तो नेम."

सुनेने प्रवासाच्या पिशवीतून माझा डबा काढून ओट्यावर ठेवला.

शाळेत कार्यक्रम होता त्या दिवशी सुनेने अर्धी रजा घेतली. मी निघताना पाणी प्यायले नाही. हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, ते बरं वाटलं. एका पोराने पंखांचा प्राणी आणला होता, एका मुलीचा नुसता डोळाच होता. मग आमची आली. ट्रेमध्ये तीन मूर्ती, सहा पायांचं पोर, चार पायांचा तरणा आणि दोन पायांची म्हातारी. म्हातारीचे पाय दोरीसारखे एकमेकांवर पिळलेले होते. मला वाटलं, वाळताना माती बसली असेल.

ती इंग्रजीत बोलत होती. मला इंग्रजी येत नाही, पण हातवाऱ्यांवरून प्राण्यांचं पोटपाणी मी बरोबर ओळखत होते. तिने मिठाची लादी दाखवली आणि हॉल हसला. मीही हसले. सुनेला म्हटलं, "हे माझं."

"काय?"

"हगण्याचं."

"अहो आई, हळू," ती म्हणाली, पण तोंडावर हात धरून हसत होती.

मग नात म्हणाली, "कल्चर." हा शब्द मला ठाऊक आहे, मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत तो सारखा येतो. टेबलावर पाण्याचा ग्लास होता. तो तिने उचलला, पाहिला, हाताने नको म्हणून दूर केला आणि तोंड फिरवलं. तिथल्या खुर्चीवरची उशी चाचपली, मान हलवली, आणि शेजारच्या लाकडी स्टुलाच्या कडेला गुडघे जुळवून बसली. माझं हसू थांबलं. मग ती उभी राहिली. पायावर पाय घेतला. एक हात पोटाखाली दाबला, डोळे मिटले, मान खाली घातली आणि शिंकली. थोडा वेळ तशीच राहिली. मग हात मागे नेऊन फ्रॉक ओला झालाय का ते चाचपलं.

ते मी करते. रोज करते. कोणी पाहत नाही असं मला वाटत होतं.

लोक टाळ्या वाजवत होते. मागचा एक माणूस "सो क्यूट" म्हणाला. टीचरने काहीतरी विचारलं. नातीने हनुवटी वर करून उत्तर दिलं, त्यातला 'रिस्पेक्ट' मला कळला. मग तिने बोट माझ्याकडे केलं. सगळा हॉल वळून बघायला लागला. मी दात दाखवले, दुसरं काय करणार? आणि त्या हसण्यात मी ओली झाले.

सून टाळ्या वाजवत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, आणि तोंडाकडे बघत नव्हती. तिने गळ्यातली ओढणी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"उठताना ही कमरेला गुंडाळा, आई."

मी गुंडाळली.

गाडीत नात मागे ट्रे घेऊन बसली होती. "आजी, बरोबर सांगितलं ना मी?"

मी काही बोलायच्या आत सून म्हणाली, "बाळा, ती रीत नाहीये. आजीला बरं नाहीये."

"नो, मम्मा. इट्स रिस्पेक्ट. शिंकेचा मान असतो. यू डोन्ट नो, हे गावचं आहे."

"मला माहीत आहे, पिल्लू. मी पण गावचीच आहे."

"आजी, तू सांग ना मम्माला."

हॉलमधली लाज एक होती. ही तिच्यावर वरताण होती. माझ्या खोट्यासाठी पोर आईशी भांडत होती आणि मी खिडकीबाहेर मेट्रोचे खांब बघत होते.

"आजी?"

"मम्मा बरोबर सांगतेय," मी म्हटलं.

"मग तू लाय केलंस?"

"हो."

घरी आल्यावर माझ्या खोलीतली तिची उशी उचलून ती आईबापांच्या खोलीत गेली.

सुनेने मला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीण केरळची, हिंदी बोलणारी. तिने तपासलं आणि म्हणाली, "अम्मा, कब से है ये?" मी म्हटलं, "इसका बाप पैदा हुआ तब से." 'इसका' म्हणजे नातीचा, आणि नात तर तिथे नव्हती, पण डॉक्टरीण समजून गेली. अंग वर धरून ठेवायला तिने आत एक रबरी रिंग बसवली. कुकरच्या शिट्ट्या होतात तेवढ्यात झालं. मला आनंद वगैरे झाला नाही, राग आला. एवढ्याशा गोष्टीसाठी मी जन्मभर गच्च मिटून बसले होते, आणि त्याला रीत म्हणून पोरीच्या गळ्यात बांधलं होतं.

बाहेर सून म्हणाली, "मशीनच्या मागच्या पट्ट्या मी पाहायचे, आई. पोछ्याची फडकी असतील असं वाटायचं." मग म्हणाली, "नाही. तसं वाटून घ्यायचे." तीही लाजली होती. आम्ही दोघी लिफ्टचे आकडे बघत खाली आलो.

संध्याकाळी मुलाने विचारलं, "आई, आता बरं आहे ना?" त्याने टीव्हीला विचारलं. "बरं आहे," मीही टीव्हीलाच सांगितलं.

नात मात्र बोलेना. शेवटी एका दुपारी स्वतःच ट्रे घेऊन आली आणि माझ्यासमोर बसली.

"मी सगळ्यांना रॉन्ग सांगितलं. बिकॉज ऑफ यू."

"हो. माझ्यामुळे."

"मग राइट काय आहे?"

मी सांगितलं. तुझे पप्पा ज्या पिशवीत होते ती खाली उतरली. वर बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या सैल झाल्या. गायीचं सांगितलं होतं तसंच, काही न गाळता सांगितलं. फरक इतकाच की गायीचं सांगताना माझे कान तापले नव्हते.

"दुखतं?"

"ओढ लागते. सवय होते."

"आजोबांना माहीत होतं?"

"नाही."

"पप्पांना?"

"आता कळलं."

"व्हाय डिडन्ट यू टेल?"

"लाज."

ती मूर्तीकडे बघत होती. "पाणी पण त्यामुळेच?"

"हो."

"सोफा?"

"हो."

"अबुधाबी?"

"तेही."

ती हिशेब लावत राहिली. मग म्हणाली, "मग त्यांचं कल्चर खलास. सगळं बायोलॉजीच निघालं."

"टाच आहे ना. टाचेला टाच लावतात ते."

"ते माझं आहे. तू दिलेलं काहीच नाही उरलं."

"एक उरलं. लपवायचं. ते आमच्या सगळ्याच बाया करायच्या, त्यामुळे तेवढी खरीच रीत."

"दॅट्स अ स्टुपिड कल्चर, आजी."

"आहेच."

"मी टीचरला सांगू? करेक्ट करू?"

तोंडाला झाकण नसलेली बाई मी. पण पहिला शब्द आला तो "नको." ती माझ्याकडे बघत राहिली. दहा वर्षांच्या पोरीने तसं बघावं असं मला वाटत नाही.

"तिकडच्यांचं सांग," मी म्हटलं. "म्हातारीला आजार होता आणि तिने रीत आहे म्हणून सांगितलं, असं सांग. माझ्याकडे बोट करू नकोस."

"ओके." ते तिला पुरेसं वाटलं नाही, हे मला दिसत होतं. मलाही वाटलं नाही. पण त्याहून जास्त मला जमलं नाही.

तिने म्हातारीची मूर्ती उचलली आणि पिळलेले पाय सोडवायला घेतले. माती वाळून कडक झाली होती. मी म्हटलं, तुटेल, आधी पाणी लाव. ती पाणी आणायला उठणार तेवढ्यात एसीचा झोत आला आणि मला शिंक आली.

आता काही होत नाही. तरी मी उठले, पाय जुळले, हात पोटाखाली गेला. शिंकून झाल्यावर हात मागेही गेला. कोरडंच होतं.

नात सगळं बघत होती. पाणी आणायला ती गेली नाही. म्हातारीचे पाय होते तसेच ठेवून तिने मूर्ती ट्रेमध्ये परत उभी केली.