मालकाचे पाय लागले पाहिजेत

वडिलांनी अमरावतीला, शहराबाहेरच्या एका लेआऊटमध्ये प्लॉट घेऊन ठेवला होता. घर मात्र त्यांच्या हातून झालं नाही. पाटबंधारे खात्यातली नोकरी, सारख्या बदल्या, आणि बदलीच्या प्रत्येक गावी एक सरकारी क्वार्टर. ते गेल्यावर आईला मी दुबईला घेऊन आले. अल बर्शातल्या आमच्या फ्लॅटमध्ये तिला स्वतंत्र खोली दिली. खिडकीतून मेट्रो जाताना दिसायची. कसं वाटतंय विचारलं की ती म्हणायची, "चांगलं हाय." एवढंच.

माझी आई गप्प बसणारी बाई नव्हती. क्वार्टरच्या दारात उभं राहून तिनं भाजीवाल्यापासून तहसीलदाराच्या बायकोपर्यंत सगळ्यांशी गप्पा मारलेल्या. इथे शेजारी मल्याळी कुटुंब, समोर एक फिलिपिनो जोडपं. लिफ्टमध्ये सगळे हसायचे, बोलायचं कोणी नाही. माझी मुलगी आजीला इंग्रजीत उत्तर द्यायची. नवरा पुण्याचा, अदबीनं बोलणारा, पण त्याच्याशी बोलताना आई शब्द निवडून निवडून बोलायची. आणि माझी वऱ्हाडी तर पुण्याला कॉलेजात गेल्यावरच गळून पडली होती. आई माझ्याशी तिच्या बोलीत बोलायची आणि मी प्रमाण मराठीत उत्तर द्यायचे. त्यात काही चुकतंय असं तेव्हा वाटायचंही नाही.

मुलांची शाळा संपली की परत जायचं, असं इथे सगळेच म्हणतात. आम्हीही म्हणायचो. एका शुक्रवारी नवरा म्हणाला, "मग त्या प्लॉटवर घर बांधून टाकू. आईंनाही बरं वाटेल." मावशीनं अमरावतीतला एक बिल्डर सुचवला. योगायोग असा, की तो त्याच महिन्यात टूरबरोबर दुबई बघायला येत होता. त्याला आम्ही करामा भागातल्या एका हॉटेलात जेवायला बोलावलं.

तो आला. चाळिशीचा, धिप्पाड, दुबईच्या उकाड्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट. नवऱ्यानं लॅपटॉप उघडला. तो इथे मोठ्या इमारतींच्या काचेच्या दर्शनी भागांचं काम करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. घराचं स्पेसिफिकेशन त्यानं पानंच्या पानं लिहून काढलं होतं, सिमेंटच्या ग्रेडपासून नळाच्या तोट्यांपर्यंत. बिल्डरनं ते पाहिलं, मान हलवली आणि आईकडे वळून विचारलं, "काकू, तुमचं माहेर कोणतं जी?"

"दर्यापूर."

"अरे बाप्पा! माही आत्या दिली हाय दर्यापूरले!"

झालं. त्यानंतर थाळी येऊन गार झाली तरी दोघांचं बोलणं थांबेना. संत्र्याचा मृग बहार यंदा कसा आहे, कापूस वेचायला बाया मिळतात का, बडनेऱ्याच्या रस्त्याचं काय झालं. आईचा आवाज हॉटेलभर जात होता. मुलगी माझ्या कानाशी म्हणाली, "व्हाय इज आजी शाउटिंग?" मी म्हटलं, "ओरडत नाहीये. बोलतेय."

पुढे दर शनिवारी दुपारी व्हिडिओ कॉल ठरला. आई त्याआधी केस विंचरून, चष्मा पुसून सोफ्यावर बसायची. नवरा त्याचं एकेक कलम वाचायचा आणि मध्येच आई स्वतःचं सांगायची. तिची प्रत्येक मागणी कुठल्या ना कुठल्या क्वार्टरमधून आलेली असायची. मोर्शीच्या क्वार्टरला न्हाणीत उतरायला पायरी होती, तिथे ती पाय घसरून पडली होती, म्हणून बाथरूमला पायरी नको. अचलपूरला स्वयंपाकघराची खिडकी मावळतीला, तर संध्याकाळभर तोंडावर ऊन घेऊन पोळ्या लाटल्या, म्हणून ती उगवतीला हवी. ओटा कडप्प्याचा नको, ग्रॅनाइटचा चालेल, पण उंचीला बेताचा. आणि पुढच्या खोलीला कूलरची खिडकी पायजे.

"आई, सगळ्या खोल्यांना एसी धरलेत," नवरा म्हणाला.

"राहू द्या ना जवाईबापू. एसी तुमचा राहू द्या, खिडकी माही राहू द्या."

बिल्डर मोठ्यानं हसला. "लिहून घेतो काकू."

मला मात्र हसू आलं नाही. कूलर म्हटल्याबरोबर मला वाळ्याच्या ओल्या ताट्यांचा वास आला. मे महिन्यातली दुपार, वडील बादलीनं कूलरमध्ये पाणी भरताहेत, आम्ही भावंडं फरशीवर चटई टाकून झोपण्यासाठी त्याच्यासमोरची जागा अडवतोय. इथे बाराही महिने गारवा असतो, पण त्याला वास नसतो. त्या दिवसापासून मीही शनिवारची वाट पाहू लागले.

करारापाशी गाडी अडली. नवऱ्याला उशिराबद्दल दंडाचं कलम हवं होतं: ठरल्या महिन्यात ताबा दिला नाही तर बिल्डरनं भरपाई द्यायची. बिल्डरचा चेहरा पडला.

"साहेब, आमच्याकडे असं कोणी लिहून देत नाई."

"आमच्याकडे त्याशिवाय कोणी सही करत नाही," नवरा म्हणाला.

"तुमच्याकडे म्हंजे कुठं? घर तर इकडंच बांधाचं हाय ना?"

नवऱ्याचा आवाज चढला, बिल्डरचाही चढला, आणि कॉल बंद झाला. पुढच्या शनिवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही. आई दोन्ही दिवशी केस विंचरून सोफ्यावर बसली होती. दुसऱ्या शनिवारी चहा घेऊन गेले तर ती बंद टीव्हीकडे पाहत म्हणाली, "फोन लाव बाई त्याले."

मी स्पीकरवर लावला. तो साइटवर होता, मागे मिक्सरचा आवाज येत होता. आई सरळ मुद्द्यावर आली. "भाऊ, कशाचा राग आला तुले? दंडाचा?"

त्यानं मिक्सर बंद करायला सांगितलं. मग म्हणाला, "दंडाचं काई नाई काकू. म्या बाहेरदेशच्या लोकाइचे दोन घरं बांधले. एक दुबईचे, एक अमेरिकेचे. टाइल फोनवर, रंग फोनवर. मालक आलेच नाई. घर झालं, अन् कुलूप लागलं. येताजाता मले ते दिसते. साहेबाले सांगा, दंड लिहा. पण माही बी एक अट लिहा. पाया भरताना, स्लॅबले अन् शेवटच्या कामाले, तीनदा मालकाचे पाय लागले पायजेत त्या जागेले. नाई तर मले हे काम नको."

नवरा आतून येऊन उभा होता. मला वाटलं, पुन्हा भांडण होणार. पण तो म्हणाला, "यात चूक काहीच नाही. टप्प्याटप्प्यावर तपासणी व्हायलाच हवी." दंडाची रक्कम त्यानं कमी केली, बिल्डरनं मुदत थोडी वाढवून घेतली. राहिला प्रश्न जाणार कोण. नवऱ्याचा प्रोजेक्ट ऐन रंगात आलेला. माझ्या ऑफिसात माझ्या हाताखालची मुलगी बाळंतपणाच्या रजेवर. आम्ही दोघं कॅलेंडर घेऊन बसलो.

"मी जातो," आई म्हणाली.

आमच्याकडे बायकाही 'जातो'च म्हणतात. किती दिवसांनी तो शब्द तिच्या तोंडून एवढा ठणठणीत ऐकला. मी नाही म्हटलं. ऊन आहे, गुडघे आहेत, एकटी कशी राहशील.

"बहिणीकडं राहीन. अन् मी का डोक्यावर टोपलं उचलाले चालली?"

करारात तसं लिहिलं गेलं: मालकातर्फे कामावर देखरेख आई करतील. प्रिंट काढून आणल्यावर तिनं चष्मा लावून सगळी पानं वाचली, मग सही केली.

विमानतळावर जाताना गाडीत तिनं सहज विचारावं तसं जावयाला विचारलं, "बाहेर किती दिवस राह्यलं का व्हिसा जाते जी?"

"सहा महिने. काळजी करू नका, त्याच्या आत आणतोच तुम्हाला."

"बरं," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहत राहिली.

पुढच्या शनिवारपासून कॉल तिकडून येऊ लागला. प्लॉटशेजारच्या कडुलिंबाखाली खुर्ची टाकून ती बसलेली असायची, मागे गवंडी, बाया, वाळूचे ढीग. तिचा रंग रापला होता. पायाच्या वॉटरप्रूफिंगच्या वेळी तिनं बिल्डरला फोनच्या कॅमेऱ्यासमोर उभं केलं. "जवाईबापूनं दोन थर लिहिले हाय. दुसरा दाखव." नवऱ्याचा चेहरा त्या दिवशी खुलला होता. सासू-जावयात कधी नव्हे ती दोस्ती झाली होती.

स्लॅब झाल्यावर मी तिचं परतीचं तिकीट पाहिलं. ती म्हणाली, स्लॅबवर पाणी मारायचं आहे अजून. मग म्हणाली, प्लास्टर सुरू झालंय. मग वायरमन येत नाहीये म्हणाली. मुदत जवळ आली तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून फोन केला. "आई, या आठवड्यात आली नाहीस तर व्हिसा जाईल."

"जाऊ दे ना बाई."

मी जिन्याच्या पायरीवर बसले.

"रागावली का माय?"

"नाही," मी म्हटलं. आणि खरंच राग नव्हता. नुसतं तिच्या खुर्चीशेजारी जाऊन बसावंसं वाटत होतं.

त्या संध्याकाळी तिची खोली आवरली. कपाटात तिच्या दोन सुती साड्या होत्या, उशाशी अंगदुखीच्या मलमाची डबी. ती उघडून वास घेतला आणि परत ठेवली. मुलगी दारात येऊन म्हणाली, "सो आजी इज नॉट कमिंग बॅक?" मी मान हलवली. ती आत येऊन आजीच्या पलंगावर बसली, आणि बराच वेळ आम्ही दोघी जाणाऱ्या मेट्रो बघत राहिलो.

वास्तुशांतीला आम्ही आठवडाभर गेलो. घर नेटकं झालं होतं. शेजारणी सरळ स्वयंपाकघरापर्यंत येत होत्या. बिल्डर सहकुटुंब जेवायला आला आणि आईनं त्याला आग्रह करकरून वाढलं. वरच्या मजल्यावरची मोठी खोली आमची होती. बाहेर गच्ची, गच्चीतून संत्र्याची बाग. निघायच्या दिवशी मी तिथे उगाच पडदे सारखे करत राहिले. खालून नवरा "चल, उशीर होतोय" म्हणून हाका मारत होता.

त्याला आता दीड वर्ष झालं. मुलीची शाळा संपत आली, पण तिला पुढे कॅनडाला जायचंय, आणि आम्ही परत जाण्याची गोष्ट पूर्वीसारखीच, पण जरा कमी वेळा बोलतो.

गेल्या शनिवारी आई म्हणाली, "एक विचाराचं होतं. नर्सिंग कॉलेजच्या दोन पोरी हाय, मेळघाटातल्या. राहाले जागा पाह्यतात. वरची खोली देऊ का त्याइले?"

"आमची?"

"बंदच असते ना बाई. रोज झाडतो अन् खाली येतो. पोरी राह्यल्या तर वर दिवा तरी दिसन."

मी म्हटलं, "दे." आणि नकळत तिच्याच बोलीत विचारलं, "मंग आमी आलो तर कुठं झोपाचं?"

ती हसली. कितीतरी दिवसांनी मी तिच्याशी तिच्यासारखी बोलले होते, ते तिच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे.

"पुढच्या खोलीत कूलरपाशी गाद्या टाकतो," ती म्हणाली. "तू ये तर खरी."