पाच घरांची मासळी आणि माझं आभाळाचं ज्ञान

हा किस्सा मी वर्षभर दाबून ठेवला होता. पण माझ्या मित्रानं, देविदासनं, तळेगावभर सांगितला, तिथून तो वर्ध्याला गेला आणि परवा सिंदीत एक गिऱ्हाईक मलाच तो सांगायला लागलं. त्यात मी बांगडे चोरताना पकडलो गेलो होतो! म्हटलं, आपली फजिती आपल्याच तोंडून गेलेली बरी. घ्या, चहा घ्या. साखर कमी आहे, पण किस्स्यात कमी काही नाही.

सिंदी रेल्वे गावात माझं ताडपत्रीचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीत आहे. तीस वर्षं ताडपत्री विकली, म्हणजे तीस वर्षं आभाळच पाहिलं की नाही? ढग कुठून उठला, किती वाजता पोचेल, हे मी गल्ल्यावर बसून सांगतो. चुकतं कधीकधी. कधीकधी म्हणजे, मंदाला विचाराल तर ती वेगळा आकडा सांगेल. मंदा म्हणजे माझी बायको. तिच्याकडे लक्ष देऊ नका.

तर गेल्या वर्षी तुळशीचं लग्न लागलं आणि आम्ही पाच गाड्या घेऊन समुद्राकडे निघालो. सगळ्या कॅराव्हान. दचकू नका, माझी कॅराव्हान म्हणजे जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. आत दोन पलंग, एक शेगडी, टपावर पाण्याची टाकी. देविदासची पिकअप, तिच्यावर त्यानं पत्र्याची खोली चढवलेली. संत्र्याची बाग आहे त्याची, त्यामुळे गाडीत अजून तोच वास. बाकी तीन गाड्या वर्ध्याच्या. दहा माणसं, सगळी साठीच्या अलीकडे-पलीकडे, आणि दहापैकी आठ जणांनी समुद्र फक्त टीव्हीवर पाहिलेला. मी दोनदा पाहिला होता, म्हणून मी पुढारी. माझी गाडी पुढे, चार मागे.

दोन दिवस किनाऱ्यानं मजेत खाली उतरत आलो. तिसऱ्या संध्याकाळी मालवणच्या अलीकडे मच्छीमारांची एक वाडी लागली. सुरूची झाडं, मोकळी जागा, बाजूला विहीर. तिथल्या लक्ष्मीकाकींनी गाड्या लावू दिल्या. साठीची बाई, आवाज खणखणीत. पाणी भरा म्हणाल्या, चूल पेटवायची तर सुरूखाली नको म्हणाल्या आणि गेल्या. देविदास म्हणाला, अशी माणसं आपल्याकडे राहिली नाहीत. मी मनात म्हटलं, थांब, आपल्याकडची माणसं कशी असतात ते आपणही दाखवू. तिथंच घोळ झाला बघा.

सकाळी सात-साडेसातला मी दात घासत बाहेर आलो. समोरच्या मैदानात पाच जाळ्या अंथरलेल्या. त्यांवर मासळी वाळत घातलेली. एकीवर चिरलेले, मीठ लावलेले बांगडे, एकीवर मांदेली, एकीवर जवळा, म्हणजे बारीक कोलंबीसारखा असतो तो. पाच घरांच्या पाच जाळ्या. आणि राखणीला कुणी नाही! होड्या लागल्या म्हणून बायका सगळ्या किनाऱ्यावर गेलेल्या.

मी समुद्राकडे पाहिलं आणि ब्रश तोंडातच राहिला.

आपल्याकडे पाऊस शिवारावरून चालत येतो तेव्हा कसा दिसतो? राखाडी भिंत सरकत येते, आधी लांबची झाडं पुसली जातात, मग जवळची. अगदी तशीच भिंत पाण्यावरून येत होती. होड्या दिसेनाशा झाल्या. सूर्य गेला. वारा पडला. तीस वर्षांचा अनुभव माझ्या कानात ओरडला: बापू, पाऊस!

आता आपल्याकडची रीत तुम्हाला सांगायला नको. अंगणात कुणाचं सोयाबीन पसरलेलं असो, तूर असो, मिरची असो, आभाळ आलं की दिसेल त्यानं गोळा करायचं. कुणाचं आहे हे विचारायचं नाही. माझ्या चुलतभावाशी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, माझी बारा वर्षं बोलचाल बंद आहे. पण त्याचं सोयाबीन भिजायला आलं तेव्हा मी आणि त्यानं मिळून ते झाकलं. ताडपत्रीची चार टोकं चौघांनी धरली, त्यात दोन आम्ही. झाकून झालं आणि पुन्हा बोलचाल बंद. रीत ती रीत.

मी गाड्यांच्या दारांवर थापा मारत सुटलो. देविदास बनियनवर बाहेर आला.

“काऊन बोंबलून राह्यला बे सकाळी सकाळी?”

“पाऊस येऊन राह्यला. त्या बायांचा माल भिजते. उठव सगळ्यायले.”

मंदानं दारातून डोकं काढून समुद्राकडे पाहिलं. म्हणाली, “थेंब तर नाई दिसत कुठं. विचारून या न कोणाले.”

विचारून! भिंत दोनशे पावलांवर आलेली आणि ही म्हणते विचारून या.

खरं सांगतो, आमच्या घरात अंडंही येत नाही. दहातले सहा जण शाकाहारी. पण त्या दिवशी नाकाला दुपट्टे बांधून ती मंडळी मासळीवर तुटून पडली. खराटे आले, घमेली आली, देविदासनं तर संत्र्याची क्रेट काढली. मी मधे उभा राहून हात करत होतो, इकडं आणा, एकाच ठिकाणी करा, झाकायला सोपं. पंधरा मिनिटांत पाच घरांच्या मासळीचा कमरेएवढा एक ढीग झाला. बांगडे, मांदेली, जवळा, सगळं एकात एक. त्यावर माझ्या दोन ताडपत्र्या. धंद्याची सवय, मी गाडीत ठेवतोच. काळ्या, जाड, नंबर एक माल. कडांवर दगड ठेवले.

मग ती भिंत आमच्यावर आली. गार, पांढरी, ओलसर. हाताला हात दिसेना. थेंब मात्र पडेना. मी म्हटलं, आता पडेल. अर्धा तास आम्ही पाऊस पडायची वाट पाहत उभे होतो. मी तर ढिगाशेजारी कमरेवर हात ठेवून फोटोही काढून घेतला. आहे अजून मोबाईलमध्ये, मंदा पुसू देत नाही.

साडेआठला ती भिंत विरली. नऊला आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ आणि ऊन असं कडक, की आपला मार्च आठवावा. काळी ताडपत्री तापायला लागली. आत मीठ लावलेली ओली मासळी. वास यायला लागला, तो कसा होता ते तुमचा चहा व्हायचाय म्हणून सांगत नाही. उघडावी असं मलाही वाटलं, पण उघडायची म्हणजे पाऊस नव्हता हे दहा जणांसमोर कबूल करायचं. मी म्हटलं, अजून भरवसा नाही.

तेवढ्यात लक्ष्मीकाकी आणि चार बायका डोक्यावर टोपल्या घेऊन आल्या. रिकाम्या जाळ्या पाहून थांबल्या. मी पुढे झालो. आणि काय बोललो असेन?

“काकी, आभार मानू नका. आमच्याकडं असंच करतात.”

काकींनी टोपली खाली ठेवली. ताडपत्रीचा एक कोपरा उचलला. आतून वाफ आली. त्यांनी कोपरा उंच धरून ठेवला आणि शांतपणे विचारलं, “ह्या कोणी केला?”

मी मागे पाहिलं. माझी नऊ माणसं तीन-तीन पावलं मागे सरकलेली. मंदा तर गाडीत जाऊन बसलेली.

मी पावसाचं सांगितलं. भिंतीचं सांगितलं.

“पावस? खय आसा पावस?” त्या म्हणाल्या. “अवो, ता धुका. सकाळी येता आणि ऊन वर इला की जाता. उद्या बाजार आसा आमचो. आज सुकला नाय तर सगळा कुजान जातला.”

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा एकदम उतरला. मागची एक बाई मटकन खाली बसली. पाच घरांची आठ दिवसांची मेहनत, आणि तिला मी उबवायला ठेवली होती. चांगलं करायला जाऊन कुणाच्या पोटावर पाय दिला, याच्यासारखं वाईट काही वाटत नाही हो. मी हात जोडले आणि म्हटलं, आम्ही इथून हलत नाही, सांगाल ते करतो.

त्या दिवशी आमची मालवणच्या किल्ल्याला जायची होडी ठरलेली होती. गेली ती होडी. दहा माणसं ढिगाभोवती बसली. काकींनी कामं वाटली. प्रत्येक बाईचा बांगडा चिरायचा हात वेगळा असतो, हे मला त्या दिवशी कळलं. काकी एकेक बांगडा उलटा करून पाहत आणि न चुकता सांगत, हा माझा, हा पारूचा. मांदेलीतून जवळा वेचायचं काम आमच्या बायकांकडे आलं. कापूस वेचलेली बोटं ती, भराभर चालायला लागली. वाडीतल्या बायका बघत राहिल्या. जवळा कुणाचा किती हे ओळखणं शक्यच नव्हतं, तो काकींनी टोपलीनं मापून सारखा वाटला. कुणी भांडलं नाही. मी? मला अर्ध्या तासातच वेचणीवरून काढलं. माझ्याकडून मांदेली आणि जवळा पुन्हा एकत्र होत होते. मला काठी दिली आणि कावळे हाकायला बसवलं.

दुपारपर्यंत पाचही जाळ्या पुन्हा भरल्या. ऊन आणि वारा दोन्ही भरपूर होते. वास उडाला, मासळी खडखडीत व्हायला लागली. चार वाजता काकींनी एक बांगडा मोडून पाहिला आणि मान हलवली. संध्याकाळपर्यंत होईल, म्हणाल्या. मला कुणी तरी पाण्यातून वर काढल्यासारखं झालं.

मग रस्त्यावर मिठाची गाडी आली. बायका सगळ्या मीठ घ्यायला निघाल्या. जाताना काकी माझ्याजवळ थांबल्या.

“भाऊ, हयसर बसा, कावळे हाकला. पण कशाकच हात लावू नकात.”

मी म्हटलं, हात काय, बोटही लावणार नाही. घडी केलेल्या ताडपत्र्यांवर बसलो आणि काठी मांडीवर घेतली. असा इमानदार राखणदार त्या किनाऱ्यानं पाहिला नसेल.

पाच वाजले असतील. समुद्राकडून काळसर काहीतरी वर चढायला लागलं. मंदा आली.

“अहो, आभाळ आलं. झाका.”

“धुकं हाय ते,” मी म्हटलं. “समुद्रावर असंच असते. सूर्य वर आला का जाते.”

“सूर्य मावळून राह्यला. आता तो उद्या येईन.”

मी तिला समजावलं. म्हटलं, इथल्या माणसांनी सकाळी स्वतः सांगितलं आहे, माणसानं अनुभवातून शिकावं. देविदास आला, त्यालाही तेच समजावलं. लांब गडगडलं, तर मी म्हटलं होडीचं इंजिन असेल. मग माझ्या टकलावर टप्पकन एक थेंब पडला. देविदासनं माझ्या टकलाकडे पाहिलं.

“अन् हे काय होय, बापू?”

“दव,” मी म्हणालो.

हो, खरंच म्हणालो. तुमच्यापासून काय लपवायचं?

तेवढ्यात काकींचा आवाज आला, आणि मागोमाग पाचही बायका मिठाच्या पिशव्या टाकून धावत आल्या. काकींनी माझ्या खालची ताडपत्री अशी ओढली की मी वाळूत बसलो. मंदा, देविदास, सगळे धावले. दोन मिनिटांत मासळी घराघराची वेगवेगळी गोळा झाली, झाकली गेली. मग पाऊस असा कोसळला, सांगता सोय नाही. एक टोपलीही भिजली नाही. भिजलो फक्त मी. उठायचं भानच राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा बाजार नीट झाला. आम्ही निघालो तेव्हा काकी गाडीपाशी आल्या आणि त्यांनी माझा नंबर मागितला. कधीकधी आभाळाचा फोटो पाठवीन म्हणाल्या, तुम्हाला काय वाटतं ते कळवा. आता सांगा, छाती फुगेल की नाही? एवढं होऊनही समुद्राकाठची बाई वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला आभाळ विचारते! माणसाची पारख म्हणतात ती हीच, असं मी परतीच्या वाटेवर मंदाला वर्धा येईपर्यंत सांगत होतो.

तेव्हापासून फोटो येतात. मी गिऱ्हाईक थांबवून, चष्मा लावून पाहतो. ढगाची कड पाहतो, रंग पाहतो, मग कळवतो, झाका किंवा पसरा. लगेच उलट हात जोडल्याचं चित्र येतं. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी ते दाखवलंय.

या दिवाळीला काकींचा फोन आला तेव्हा मी आंघोळीला होतो, मंदानं घेतला. मी बाहेर आलो तर ही भिंत धरून हसत होती. फोनचा आवाज मोठा केलेला. काकी सांगत होत्या, “ते झाक म्हणतत तेव्हा आमी पसरतंव, ते पसर म्हणतत तेव्हा झाकतंव. वरसभरात एक मांदेली भिजूक नाय.”

मी दोन दिवस रुसून होतो. मग विचार केला, आता रागानं उलटसुलट कळवलं तर पाच घरांचं नुकसान व्हायचं. म्हणून अजूनही अगदी मनापासून, तीस वर्षांचा अनुभव पणाला लावून, मला खरं वाटतं तेच कळवतो. आज सकाळीच फोटो आला होता. आभाळ मला तर स्वच्छ वाटलं, तसं लिहिलं. झाकून मोकळ्या झाल्या असतील एव्हाना.